मणिपुरीतलं लांब वाक्य

अकोल्यात आमच्या वरच्या खोलीत एक मणिपुरी मुलगी भाड्यानं राहायची. कृषी विद्यापीठात कपाशीवर संशोधन करायची. रोज संध्याकाळी गच्चीवर तिचा आईला फोन चाले. मी भाषाविज्ञान शिकत होते, त्यामुळे दोरीवरचे वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं ऐकत बसायची. तिचं वाक्य संपायचंच नाही.

"एवढं लांब काय सांगते तू आईले?" मी एकदा विचारलंच.

ती हसली आणि हिंदीत समजावू लागली. 'चाक चारगा' म्हणजे भात खाऊन. असं खाऊन, निघून, भिजून, परत येऊन, एकामागून एक जोडत जायचं आणि पूर्ण क्रियापद पार शेवटी. मी तिथंच ठरवलं, पीएच.डी. करायची तर यावरच.

अमरावतीच्या चर्चासत्रात मी त्यावर निबंध वाचला. ती मुद्दाम माझ्यासोबत आली होती. मी वऱ्हाडी वळणानं "अभ्यास करून राहिली" म्हटलं तेव्हाच पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. नंतर बाहेरगावाहून आलेले अध्यक्ष म्हणाले, "या भाषेत 'जो-तो' नाही, 'की' नाही. सगळी साधी वाक्यं. विचारच साधा, तर त्यात मिश्र वाक्य कुठून आणणार?"

ती शेजारीच बसली होती, आणि एवढं मराठी तिला कळत होतं.

मी उभी राहिले. "सर, 'काल आलेला पाहुना जेवून गेला' यात 'जो' कुठी हाय? 'की' कुठी हाय? मंग हेही साधंच म्हना, अन् आपला विचारही साधाच."

"मराठीची गोष्ट वेगळी."

"काहून वेगळी?"

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

अकोल्याच्या बसमध्ये तिनं माझा निबंध मागून घेतला आणि चाळला. मग म्हणाली, "दीदी, विषय बदलू नकोस."

बदलायला सांगणारे पुष्कळ भेटले. मार्गदर्शक म्हणाले, वऱ्हाडी म्हणी घे, सोपं जाईल. मी मार्गदर्शक बदलला, त्यात वर्ष गेलं. विषयाच्या नोंदणीचा अर्ज विद्यापीठातून परत आला. शीर्षकातलं अक्षरही न बदलता मी तो पुन्हा टाकला. शेवटी विषय मंजूर झाला, मंजुरीच्या पत्राखाली शेरा होता: 'उमेदवाराने बोलण्याची भाषा सुधारावी.'

प्रबंध पूर्ण केला. तोंडी परीक्षेला वऱ्हाडीतच बोलले.