नलूताईच्या हाताचा गुण

"काकीचे डोळे पिवळे झालेत, पण तुमी काळजी करू नका. तिचाच औषध तिला चालू हाय…" गावाहून शेजारच्या सुमनचा असा फोन आला, तेव्हा मी रत्नागिरीच्या घरी ब्लाउजला हूक लावत बसले होते. काळजी करू नका असं कुणी म्हटलं की मी आधी काळजीच करायला बसते. आमचे हे म्हणतात, हिला काळजी करायला कारण लागत नाही, नुसती सवड लागते. खरं आहे. पण त्या दिवशी कारण होतं. लावणीचे दिवस होते, नलूताई रोज गुडघाभर चिखलात उभी होती, आणि आधी ताप येऊन अंग ठणकत होतं हे सुमननं बोलता बोलता सांगून टाकलं. फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, एसटी मिळेल ती पकडू, गावी जायचंय.

नलूताई माझी थोरली जाऊ, सगळ्या गावाची काकी. दीर गेल्यानंतरही ती गावचं घर आणि शेती धरून राहिली. लेक मुंबईला, त्यानं कितीदा बोलावलं, पण ही चार दिवस जाऊन परत यायची. म्हणायची, "माजी माणसां बुधवारी येऊन बसतील नि दाराला कडी दिसंल, बरा दिसतां काय ता?" तिची माणसं म्हणजे काविळीची माणसं. आमच्या घरातली थोरली सून काविळीचं औषध देते. सासूबाईंकडून ते नलूताईच्या हातात आलं. बुधवारी आणि रविवारी सकाळी लोक अनशापोटी येऊन पडवीत बसायचे. ती न बोलता सहाणेवर मुळी उगाळायची आणि ताकातून द्यायची. पैसा कधी घेतला नाही. ज्याला वाटेल त्यानं ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवावा, एवढंच.

या औषधाचे दोन नियम होते. मुळीचं नाव कुणाला सांगायचं नाही, हा पहिला. दुसरा असा, की देणारीनं दुसऱ्याच्या हातचं औषध घ्यायचं नाही. घेतलं की आपल्या हाताचा गुण जातो. पहिला नियम मला कळत होता, दुसरा ऐकला तेव्हा मी नवी नवरी होते आणि हसले होते. सासूबाईंनी असं बघितलं की हसू घशातच राहिलं. नलूताईनं मात्र तो नियम जन्मभर पाळला. डोकं दुखलं तर फडकं बांधायचं, ताप आला तर काढा प्यायचा. मी ब्लडप्रेशरची गोळी घेताना दिसले की म्हणायची, "शहरात राहून तू औषधाचा कपाट झालीस गो!"

पण ती आडमुठी होती असं कुणाला वाटत असेल तर ते साफ चूक आहे. एकदा तिच्याकडे एक पोटुशी मुलगी आली होती. तिनं औषध दिलं, पथ्य सांगितलं. पुढे मुलीचं फार बिघडलं आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी थोडक्यात वाचली, बाळ मात्र गेलं. गावात नलूताईला कुणी शब्दानं बोललं नाही, उलट तिची समजूत घातली, वेळ आली होती म्हणाले. तिची समजूत पटली नाही. त्यानंतर पडवीत कुणी येऊन बसलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "रगात तपासलंव? नाय? मग उठा. कागद घेऊन येवा, मग देतंय." आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी सांगून जे पुरुष हलत नसत, ते हिनं उठा म्हटल्यावर मुकाट्यानं उठत. डॉक्टरांवर त्यांचा अविश्वास होता असं नाही, पण डॉक्टर बदलून जाणारे. नलूताई आपली होती, आणि आमच्याकडे आपल्या माणसाचा शब्द औषधाच्या आधी पोटात जातो.

मग यंदा लेप्टोच्या तापावरच्या गोळ्या आल्या. पावसात उंदरांचं मूत शेतातल्या पाण्यात उतरतं आणि पायाच्या चिरांतून ताप अंगात शिरतो, म्हणून लावणीच्या आधी आरोग्य केंद्राच्या आशाताई घरोघर गोळ्या वाटत हिंडल्या. लोकांनी घेतल्या आणि फळीवर ठेवून दिल्या. गोळी गरम पडते, ऐन लावणीत अंगातली ताकद जाते, असं एकानं म्हटलं आणि सगळ्या वाडीनं ऐकलं. आशाताई रडकुंडीला येऊन नलूताईकडे आल्या. नलूताईनं युक्ती काढली. सगळ्या गोळ्या देवळात नेऊन देवापुढे ठेवायला लावल्या आणि गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं. "बा म्हाराजा, तुजी लेकरां चिकलात उतरतायत, त्यांच्या पायाला राखण दे…" सगळी वाडी हात जोडून "व्हय म्हाराजा!" म्हणाली. मग गोळ्या प्रसाद म्हणून वाटल्या. कुणी नाही म्हणालं नाही. नाही म्हणायची छाती कुणाची होती?

मी त्या दिवशी गावीच होते. घरी आल्यावर मी तिला विचारलं, "तू घेतलीस ना गो प्रसादाची गोळी?"

ती चुलीत लाकडं सारत होती. म्हणाली, "त्यांच्यासाठी परसाद बाय माजे. मना ठावक हाय ना, ता औषध हाय."

"मग देवाचा हात तो दुसऱ्याचा हात होतो काय?"

"तू वकील व्हायला हवी होतीस," ती हसली आणि भात वैरायला लागली. मीही हसले… ते हसणं आता आठवतं आणि झोप उडते.

तर त्या दिवशी आम्ही गावी पोहोचलो. पडवीत पाचसहा माणसं बसलेली, कारण बुधवार होता. आत नलूताई घोंगडीवर पडलेली. डोळे पिवळे होतेच, पण कडांना लालही होते. पोटऱ्यांना हात लावू देईना. मला बघून म्हणाली, "आली ही, काळजी घेऊन!" मी म्हटलं, "दुसऱ्याला कागद मागतेस ना? तुझा कागद कुठाय? ऊठ, गाडी बोलावलीय." ती उठली असती असं मला अजून वाटतं. तिनं पदरही सावरला होता. तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हातारं माणूस बोललं, "काकीच दवाखान्यात गेली तर आमी कोणाच्या तोंडाकडे बगायचा?" त्यात वाईट काही नव्हतं, माया होती. पण नलूताई पुन्हा आडवी झाली. मला हळूच म्हणाली, "माणसां जाऊदेत. मग जाऊया."

माणसं जाईनात. काकी आजारी आहे म्हटल्यावर आणखी येत राहिली. कुणी शहाळं आणलं, कुणी देवळातला अंगारा आणला. मी आतबाहेर करत होते, ह्यांना खुणा करत होते, गाडीवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. शेवटी तिन्हीसांजेला, तिला दिवसभर लघवीला झालं नाही हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा, मी तिला आणि सगळ्या पडवीला न विचारता उचलायला लावलं. कुणी अडवलं नाही. सगळे उभे राहिले आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले. ती पोहोचवायला आलेली माया होती की गुण गेल्याचं दुःख, ते मला कळलं नाही.

रत्नागिरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हयगय केली नाही. लेप्टोच निघाला, मूत्रपिंडं बंद पडत चालली होती. सुई टोचली तेव्हा तिनं हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "गेला गो गुण." मी म्हटलं, "जाऊ दे, तू राहा." ती राहिली नाही. शेवटच्या दिवशी तिच्याजवळ मी एकटी होते. मुळीचं नाव तिनं मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नुसता हात धरून होती.

पण गावानं तेवढंच धरलं. शेवटी धाकटी जवळ होती, हातात हात होता, म्हणजे औषध धाकटीच्या हाती आलं! बाराव्याला बायका माझ्या हातांकडे बघत होत्या. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी नाही म्हटलं तर हे लोक दुसऱ्या गावच्या कुणाकडे जातील, आणि तिथं कागद कोण मागणार? मला राग येतो… पण कुणाचा करू? या माणसांनी तिच्यावर जीव टाकला, तिच्या शब्दावर दवाखान्याची पायरी चढली, देवापुढे ठेवलेली गोळी गिळली. त्यांचे पाय राखले गेले, आणि तिचे तेवढे राहिले.

घर आवरताना देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्यामागे, तिच्या वाटणीच्या गोळ्या सापडल्या. पाकीट फोडलेलं नव्हतं. वर फूल वाहिलेलं होतं, सुकलेलं. तिनं त्या फेकल्या नव्हत्या, आणि रोज पूजेला बसताना तिची नजर त्यांवर पडतच असणार. मी तिथंच बसून रडले.

त्यानंतर मी गावीच राहिलेय. पहिल्या बुधवारी लोक येऊन बसले. मी सहाण धुऊन पुढे ठेवली, उगाळलं काहीच नाही. म्हटलं, आधी रक्त तपासून या. उठले सगळे, नलूताईसाठी उठायचे तसेच! मला केवढा आनंद झाला. मग ब्लडप्रेशरच्या गोळीची आठवण झाली म्हणून आत गेले. पाणी ओतलं, आणि गोळी तोंडात टाकण्याआधी मी माजघराच्या दाराआड सरकले, पडवीतून कुणी बघत नाही ना, म्हणून… हात तसाच थांबला. माझ्यासारखी बाई, जिला शिंक आली तरी डॉक्टर आठवतो! एका सकाळीत माझी ही गत, तर तिनं सगळा जन्म कसा काढला असेल?

त्या दिवसापासून भीती वाटते ती एवढीच, की मी दाराआडून बाहेर आलेच नाही तर?

गेल्या बुधवारी मी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन पडवीत, सहाणेपाशी येऊन बसले. चारपाच जण होते. म्हटलं, "मुळी मला ठाऊक नाही. काकीनं दिली नाही. कागद मात्र बघेन, दवाखान्यात सोबत येईन आणि पथ्य सांगेन." आणि सगळ्यांदेखत गोळी गिळली. त्या दिवशी दारातून बोललेलं ते म्हातारं माणूस उठलं, काठी घेतली. "मग रिकाम्या सहाणेकडे कशाला यायचा?" म्हणालं आणि पायऱ्या उतरलं. त्याच्यामागून बाकीचे गेले. वाटलं, एका घोटात नलूताईचं सगळं मी घालवलं.

एक बाई तेवढी बसून राहिली. शेजारी तिची कॉलेजात जाणारी मुलगी, डोळे पिवळे. बाईनं सहाणेकडे बघितलं, मग माझ्याकडे. पिशवीतून घडी केलेला रिपोर्ट काढला आणि तो सहाणेवर ठेवला.

"काकी आधी ह्योच मागायची," ती म्हणाली. "बगा."