आष्टीला गेलेलं कापड

गुरुवार, १२ नोव्हेंबर १९८७. सकाळपासून आभाळ. दुपारी आष्टीचे किसनराव जेवायला होते. कढी दोनदा घेतली. घरात साठवलेल्या कापसावर झाकायला काहीतरी मागत होते. ह्यांनी टॉकीजवरून उतरवलेलं कापड देऊन टाकलं. तानबाला विचारलं नाही. संध्याकाळी तो चिडून गेला.

जुन्या रोजनिशीतली ही स्वतःचीच नोंद सुमित्राबाईंच्या हाती लागली ती सदतीस वर्षांनी, गेल्या जानेवारीतल्या एका गुरुवारी. रविवारी आर्वीतलं संग्रहालय नव्या जागेत उघडणार होतं.

त्या संग्रहालयात तलवारी नाहीत की ताम्रपट नाहीत. नावच ‘कालपरवा’. कॉलेजात चित्रकला शिकवणाऱ्या प्रेरणाने चार वर्षांपूर्वी घरातल्या एका खोलीत ते मांडलं. ऑडिओ कॅसेटी, बँडवाल्यांचे लाल कोट, लग्नात भाड्याने आणायचे तसला व्हीसीआर, सलूनमधली नटनट्यांची कॅलेंडरं. लोक हसले. “भंगारवाल्याले दे ना पोरी,” म्हणाले. मग तेच लोक माळे धुंडाळून पिशव्या आणू लागले. खोली पुरेना, म्हणून वाचनालयाच्या व्हरांड्यात गेलं. तिथून पावसाने उठवलं. शेवटी बंद पडलेल्या टॉकीजचा पुढचा भाग मिळाला.

त्या टॉकीजचे मॅनेजर म्हणजे सुमित्राबाईंचे पती लक्ष्मणराव. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. प्रत्येक वस्तूखालची चिठ्ठी सुमित्राबाईंच्याच हातची. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून वळवलेलं अक्षर ते. रोजनिशीचं वळणही तिथलंच: हवा, पाहुणे, घरात काय आलं, घरातून काय गेलं.

सगळं जमलं होतं, फक्त तानबा त्यात नव्हता. एकतीस वर्षं टॉकीजच्या दारावरचं मोठं चित्र त्याने रंगवलं. मांजरपाटाचं कापड, सरसात कालवलेले रंग. शुक्रवारी सिनेमा बदलायचा, म्हणून गुरुवारी जुनं चित्र उतरवून हौदात धुवायचं आणि वाळलं की त्याच कापडावर नवं काढायचं. ज्या हाताने काढलं त्याच हाताने पुसायचं. त्यामुळे त्याच्या हातचं एकसुद्धा चित्र उरलं नव्हतं. प्रेरणाने बिचारीने त्याचे तीन ब्रश काचेखाली ठेवले.

“ब्रश काय, चुना लावनाऱ्याचेबी असतेत,” तानबा म्हणाला होता. “नातसून इचारते, आबा, खरंच काढत होते का तुम्ही? म्या तिले काय दाखवू?” ऐंशी ओलांडलेला माणूस. डोळे अधू झालेले. सुमित्राबाईंना ते बोलणं लागलं होतं. म्हणूनच त्या जुन्या वह्या काढून बसल्या होत्या.

नोंद सापडताच त्यांनी आष्टीला फोन लावला. किसनराव आता नव्हते. त्यांच्या पत्नी रुख्माबाई बोलल्या.

“हाय ना! घोड्यावाला पडदा. माळ्यावर हाय. सोयाबीनच्या पोत्यायवर झाकत असतो.”

“रविवारी तो संग्रहालयात लावायचाय. उद्या न्यायला येते.”

“अगं माय! येजा मंग. चार लोकांत जाईन तं मळकं कसं देऊ? सकाळी उठल्याबरोबर धुऊन ठेवतो.”

“हो हो,” म्हणून सुमित्राबाईंनी समाधानाने फोन ठेवला.

सकाळी त्यांनी दोन चादरी बादलीत भिजत घातल्या. साबणाच्या पाण्यात हात बुडवला आणि तिथेच थिजल्या. धुऊन ठेवतो! आणि आपण वर ‘हो हो’ म्हटलं. ओल्या हातानेच फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. पुन्हा लावला. तेच. चादरी तशाच टाकून त्या तानबाच्या घरी गेल्या आणि त्याला घेऊन आष्टीच्या एसटीत बसल्या.

“मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं रे,” त्या वाटेत म्हणाल्या.

“जाऊ द्या बाई. एकतीस वर्सं म्याच धुतलं. आता तिनं धुतलं तं कोनाले बोलू?” तानबा म्हणाला.

रुख्माबाई अंगणात अपराध्यासारख्या उभ्या होत्या. पायाशी बादली, पाणी निळंशार.

“एक कोपरा बुडवला, बाई, तं पानी निळं झालं,” रुख्माबाई रडवेल्या झाल्या. “म्हटलं, हे तं सारंच जाते! भेव लागलं. तुमचा फोन वाजून राह्यला होता, पन उचललाच नाई. म्हटलं, तुम्ही रागवसान.”

“म्हणजे बाकीचं?”

“बाकीचं खाटेवर हाय ना.”

तिघांनी मिळून घडी उलगडली. वर उधळलेला घोडा, त्यावर लाल फेट्यातला नायक, मागे जांभळे डोंगर. कुठे उंदराने कुरतडलेलं, कुठे डाग; पण घोड्याच्या डोळ्यात अजून पाणी होतं. तानबा नाक टेकेल इतका वाकला. उजवीकडे खाली स्वतःचं नाव दिसल्यावर त्याने त्यावर अंगठा फिरवला, अगदी हलका, आणि मग तो खाटेवर बसलाच.

“बूट गेले पन त्याचे,” रुख्माबाई ओल्या कोपऱ्याकडे बोट दाखवत पुटपुटल्या.

“जाऊ दे माय. बूट मले कधी जमलेच नाईत. म्हून तं मी एरवी खाली गवतच काढत होतो!”

तेव्हा कुठे रुख्माबाई हसल्या आणि चहा ठेवायला आत वळल्या.

“त्या दिवशी ह्यांनी तुला विचारायला हवं होतं,” सुमित्राबाई म्हणाल्या. नोंद वाचल्यापासून ते मनात होतं.

“इचारलं असतं तं देलं नसतं म्या. न् त्याच दिवशी धुऊन टाकलं असतं.” तानबा डोळे पुसत हसला. “साहेबानं बरंच केलं म्हना.”

घरी परतल्यावर सुमित्राबाईंनी नवी चिठ्ठी लिहिली: ‘टॉकीजवरचं चित्र, १९८७. रंगवणारे: तानबा, आर्वी. डावा कोपरा आष्टीत धुतला गेला.’ मग रोजनिशी उघडली.

शुक्रवार, १७ जानेवारी २०२५. थंडी बेताची. तानबासह आष्टीला जाऊन आले. कापड मिळालं. सकाळी भिजत घातलेल्या चादरी संध्याकाळी धुतल्या. अजून ओल्या आहेत.