मोठेबाबांची होडीखरेदी

आमच्या घराण्याचा एकच जुना फोटो आहे. त्यात सगळी मंडळी ताठ बसली आहेत आणि मधल्या एका खुर्चीवर थोडं धुकं आहे. ते धुकं म्हणजे आमचे मोठेबाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. फोटोवाल्यानं 'हलू नका' म्हणून काळ्या कापडात डोकं घातलं आणि ह्यांना आठवलं की बैलांना पाणी दाखवायचं राहिलं. त्यानं पुन्हा काच लावली, ह्यांना पुन्हा काहीतरी आठवलं. शेवटी आजोबा म्हणाले, "राहू द्या. तो असाच दिसते."

बसणं हा प्रकार त्यांना जमलाच नाही. जेवणाचा पहिला घास पाटावर आणि ताकाचा शेवटचा घोट गोठ्याशी. गावाकडच्या मौद्याहून नागपूरला येणाऱ्या मोटारीत ते तिकीट काढून दाराच्या पायरीवर उभे राहत, आणि मोटार थांबली की उतरून इंजिनाकडे असं बघत, जणू तिला चारा घालायचा राहिला आहे. मोठीआई, म्हणजे आमची थोरली काकू, म्हणायची, "ह्यायले वाढाचं म्हंजे ताट घेऊन मांगं मांगं फिरा. सप्तपदीले जे चालाले लागले, ते अजून चालूनच राहिले."

त्यांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं: "बसल्या बैलाले गिऱ्हाईक नसते." ते माझ्या वडिलांना हे ऐकवत, कारण वडील नागपूरच्या कचेरीत बसून पगार घेत. मला ऐकवत, कारण मी वकिलीचं शिकत होतो, आणि ते शिक्षण आडवं पडून अधिक चांगलं होतं असं माझं मत होतं. पण बैलांबद्दल बोलायचा त्यांना हक्कच होता. आजूबाजूच्या गावांतला कुणीही बैलबाजाराला निघाला की आधी त्यांना हाक मारी. ते बैलाभोवती फिरत, अंगावरचे भोवरे तपासत, खूर उचलत, शेपटी ओढत. मग दलालाचा हात रुमालाखाली घेऊन बोटं दाबत आणि शेजारच्याला न कळता भाव ठरवत. बोट दाबलं की शब्द दिला. कागद नाही, साक्षीदार नाही. वकिलांबद्दल त्यांचं मत वाईट होतं ते यामुळेच.

अशा माणसाला जमिनीवर कुणी बसवू शकलं नाही. पाण्यावर सोनबानं बसवलं. सोनबा ढिवर गावच्या तळ्यात मासे धरी. दोघं लहानपणापासूनचे जोडीदार, आणि मोठेबाबांना 'गणपत' म्हणून अरेतुरे करणारा गावात तेवढाच एक. सोनबाचा डोंगा म्हणजे कोरून काढलेलं लांबलचक खोड. त्यात कुणी उभं राहिलं की तो उलटे. मोठेबाबा पोरवयात तळ्याचं पुष्कळ पाणी प्यायले आणि मग शिकले. संध्याकाळी सोनबा जाळं टाकी, मोठेबाबा समोर मांडी घालून बसत, आणि दोघांपैकी कुणीही अवाक्षर बोलत नसे. काठावरून पाहणाऱ्याला वाटावं, सोनबानं एक मोठा मासा धरून समोर बसवून ठेवला आहे. मोठीआई तेवढ्या वेळात सगळा स्वयंपाक उरकून घ्यायची.

एका हिवाळ्यात दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. डोंगा सडला, आणि सोनबाची सून नागपुरात वारली. मुलगा गिरणीत कामाला, मागे दोन लहान लेकरं. सोनबाची बायको आधीच गेलेली. आपण आता नागपूरला जाणार, असं तो गावात सांगू लागला. गावात म्हणजे मोठेबाबा सोडून सगळ्यांना. त्यांना सांगायला गेला की त्यांना नेमकं गोठ्यात काम निघे. त्यांनी त्यातलं 'डोंगा गेला' एवढंच कानात ठेवलं आणि त्यावर उपाय शोधून काढला. नागपूरला तेलंगखेडीच्या तळ्याकाठी प्रदर्शन भरलं होतं आणि तिथे होड्या विकायला आल्या होत्या. होडी आली की सोनबा राहतो, सोनबा राहिला की लेकरं गावी येतात. मोठेबाबांच्या हिशेबात मेलेल्या सुनेचं दुःख सोडून सगळं बसत होतं. मला निरोप आला: तिथे साहेबाशी बोलावं लागेल, तुझं इंग्रजी घेऊन ये.

माझं इंग्रजी तेव्हा नव्या जोड्यासारखं होतं. दिसायला चकचकीत, चालायला लागलं की चावायचं. तरी मी धुतलेली पाटलोण चढवून मोटारीच्या अड्ड्यावर हजर झालो. मोठेबाबा पायरीवरून मोटार थांबायच्या आधीच उतरले. सोनबा आतून सावकाश उतरला. त्याच्या पाठीवर भलंमोठं गाठोडं होतं. मला वाटलं, भाकऱ्या असतील. आणि एवढ्या भाकऱ्यांत आपलाही वाटा असेल.

प्रदर्शनात लोक दिवसभर रेंगाळत. पंप होते, साबण होते, मळणीचं यंत्र होतं, काचेच्या बरणीत दोन डोक्यांचं वासरू होतं. मी तिकिटं काढून वळलो तोवर मोठेबाबा हे सगळं पाहून पलीकडच्या फाटकातून बाहेरही पडले होते. त्यांना परत आत आणायला मला दुसरं तिकीट काढावं लागलं.

होड्या तळ्याच्या उतारावर लाकडी घोड्यांवर ठेवल्या होत्या. एक गाद्यांची आणि छत्रीची, साहेबलोकांसाठी. एक पत्र्याची, उन्हात तापून करपलेल्या तव्यासारखी. आणि एक सागवानी, रुंद पोटाची, मागे जाळं ठेवायला जागा असलेली. विक्रेता कलकत्त्याकडचा एक बारीक माणूस होता. थंडीतही त्याला घाम येत होता, कारण नागपुरात होडी घेणार कोण, हा प्रश्न मालकानं त्याला पाठवताना विचारला नसावा.

मोठेबाबांनी सागवानीभोवती फेरे सुरू केले. तिच्या बाजूवर थाप मारली. वाकून पोटाखाली पाहिलं. मागचा भाग ओढून पाहिला.

"डाव्या अंगानं चालते का उजव्या?" त्यांनी विचारलं.

मी इंग्रजीत जुळवाजुळव करेपर्यंत विक्रेत्यानं हिंदीतच उत्तर दिलं, "सीधी चलती है, बाबा."

"सगळे असंच सांगतेत," मोठेबाबा म्हणाले आणि पुढे गेले. फळीतल्या एका गाठीपाशी त्यांचं बोट थांबलं. "सोनबा, हा भोवरा पाह्य. बैठकीच्या बराबर खाली. असा भोवरा धन्याले घरात बसू देत नाई."

"मंग तुह्यासाठीच घडवली म्हन," सोनबा म्हणाला. तो गाठोड्यावर बसला होता आणि होडीकडे कमी, पाण्याकडे जास्त पाहत होता.

मोठेबाबा तिथून निघाले, पत्र्याच्या होडीपर्यंत गेले, परत आले, मळणीयंत्रापर्यंत गेले, परत आले. तेवढ्यात एका रावबहादुरांचा कारभारी काठीनं सागवानी होडीला टोचू लागला. ते पाहताच मोठेबाबांचा धीर सुटला. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी विक्रेत्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली.

विक्रेता दचकला. मग त्याच्या चेहऱ्यावर एकदम आशा दिसली. "शादी का योग कब है, बाबा?" तो हळूच म्हणाला. त्याला वाटलं, हात बघताहेत.

मोठेबाबांनी बोटं दाबली. त्यानं मान हलवली. मोठेबाबांनी पुन्हा दाबली. दुखलं तसं हात सुटावा म्हणून त्यानं जोरानं हो म्हणून मान हलवली. दुपट्टा खांद्यावर गेला. "झाला सौदा," मोठेबाबा म्हणाले. मी त्या माणसाला भाव समजावून सांगू लागलो, तोही इंग्रजीत. जो माणूस मघापासून स्वच्छ हिंदी बोलत होता त्याला. शेवटी त्यालाच माझी दया आली. म्हणाला, "बाबूजी, पहले पानी में देख लीजिए, पैसे की बात बाद में."

"हो," सोनबा उठला. "पाण्यात चाल, गणपत."

होडी लोटली गेली. सोनबानं वल्ही घेतली, मोठेबाबा समोर बसले, मी मागे दोन्ही कडा धरून बसलो. मला पोहता येत नाही हे मी निघताना कुणाला सांगितलं नव्हतं. होडी छान चालत होती. तळ्याच्या मधोमध येईपर्यंत मोठेबाबांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं समाधान होतं. तिथे सोनबानं वल्ही आत घेतली.

"गणपत, मी आज वापस येऊन नाई राहिलो. इथंच राहतो. गाठोड्यात माह्ये भांडे हायेत."

"नाव भेटली ना गा आता."

"नाव चांगली हाय."

"मंग?"

"लेकरायपाशी कोन बसन? पोरगा पहाटेच्या भोंग्यावर जाते. धाकटं अजून पाळण्यात हाय."

"त्यायले गावी आन. माह्या घरी वाढतीन."

"माय गेली त्यायची. आता बापापासून बी तोडू?"

मोठेबाबा माझ्याकडे पाहू लागले, जणू यावर कायद्यात काही असेल. मग सोनबाला म्हणाले, "हे तू मले गावात काहून नाई सांगतलं?"

"सांगाले आलो तं तू गोठ्यात. मांगं मांगं आलो तं तू वावरात. म्हनून पाण्यात आनलं. इथून कोठी जाशीन?"

मोठेबाबा ताडकन उठले. मी डोळे मिटले आणि कुलदैवताला हाक मारली. पण काहीच झालं नाही. होडी रुंद होती, सागवानी होती. ती जरासुद्धा कलली नाही. डोळे उघडून पाहतो तर मोठेबाबा मधोमध उभे, धोतराचा सोगा हातात धरलेला, आणि चारी बाजूंना पाणी. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, एक मागे. तेवढीच जागा होती. असे ते बराच वेळ उभे होते. सोनबा त्यांना बस म्हणाला नाही. मग ते आपणहून बसले.

"धाकट्याचं नाव काय ठेवलं?" त्यांनी विचारलं.

"अजून नाई ठेवलं. बारशाच्या आंधीच माय गेली."

काठाला लागता लागता मला माझं शिक्षण आठवलं. मी म्हणालो, "मोठेबाबा, होडी घ्यायची गरज नाही. विसार दिला नाही, कागद नाही. त्या माणसाला तर सौदा झाला हेच कळलेलं नाही."

"मले कयते ना," ते म्हणाले. "बोट दाबलं मी, वकील."

त्यांनी होडी घेतली. ती बैलगाडीवर उलटी घालून गावी नेली, तेव्हा वाटेत पोरं गाडीमागे धावत होती असं ऐकलं. सोनबाच्या पुतण्यानं ती तळ्यात चालवली, चांगली चालवली. मोठेबाबा एकदा तिच्यात बसून आले आणि पुन्हा गेले नाहीत. मोठीआईनं विचारलं तर म्हणाले, "तिच्यात काय मजा? उभं राहिलं तरी चालते." आता संध्याकाळीही ते घरभर फिरत. मोठीआईचा स्वयंपाक पुन्हा उशिरा होऊ लागला.

मग त्यांना नागपूरची कामं निघू लागली. पंपाचा पट्टा, बी, माझी परीक्षा. परीक्षा होऊन गेली तरी तिच्यासाठी ते दोनदा आले. काम काहीही असो, अड्ड्यावरून ते आधी गिरणीकडच्या चाळींच्या दिशेनं जात.

मोठेबाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या धावपळीच्या गोष्टी घरात कुणीही सांगतं, आणि सगळ्यांत जास्त खोट्या मी सांगतो. पण एक दुपार मी सहसा सांगत नाही, कारण तिच्यात काही घडत नाही. त्यांना मोटारीवर पोचवायला मी चाळीत गेलो होतो. सोनबा आत डाळ निवडत होता. मोठेबाबा खोलीच्या पायरीवर बसले होते आणि एव्हाना पळता झालेला सोनबाचा धाकटा नातू त्यांच्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपला होता. पायाला मुंग्या आल्या असाव्यात, कारण ते अंगठा सारखा हलवत होते, पण बाकी सगळे स्थिर. मी काही बोलणार तर त्यांनी डोळ्यांनी गप्प केलं. मी उभा राहिलो. मोटारीची वेळ होत आली तसा मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागलो.

पोरगा जागा झाला, इकडेतिकडे पाहिलं आणि उतरून अंगणात खेळायला पळाला. मोठेबाबांची मांडी मोकळी झाली.

"चला मोठेबाबा," मी म्हणालो, "मोटार चुकेल."

"चुकू दे ना गा," ते म्हणाले, आणि पायरीवर थोडं सरकून त्यांनी मला जागा करून दिली.