बाईंना काय ऐकू यायचं

"थांब. ऐकू दे."

बोलता बोलता बाई उजव्या हाताचं बोट वर करायच्या आणि मान डावीकडे कलती करून थांबायच्या. शेजारच्या खोलीतून कुणी बोलतंय आणि शब्द नीट कळत नाहीत, अशा. शेजारच्या खोलीत कुणी नसायचं. मग बोट खाली यायचं आणि बाई काहीतरी अगदी साधं बोलायच्या. "पाणी फार कमी पितेस तू." किंवा, "लोहाची गोळी चहाबरोबर घेतेस ना? तशी घेऊ नकोस. लिंबाच्या पाण्याबरोबर घे."

तुम्ही म्हणाल, एका कानानं कमी ऐकू येत असेल. आम्हीही बरीच वर्षं तेच समजत होतो.

बाई मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान फार पूर्वी गेलेले, मूलबाळ नाही. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात आमच्या गल्लीत तळमजल्याची एक खोली भाड्यानं घेऊन राहायच्या. मंगळवारी दुपारी, घरची पुरुषमाणसं कामावर आणि मुलं शाळेत असताना, त्या खोलीत सतरंज्या पडायच्या आणि आम्ही गल्लीतल्या बायका जमायचो. थोडा व्यायाम, थोडा श्वास, आणि मग ज्याच्यासाठी सगळ्या यायच्या ते, बाईंचं बोलणं.

"सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणं म्हणजे जेवण नव्हे, ती आवराआवर. बसून जेवा."

"बाई, पण वेळच नाही मिळत," कुणीतरी म्हणायची.

"भांडायला मिळतो ना? एक भांडण कमी कर, त्या वेळात जेव."

थंडीत बायका कागदात तीळगुळाची गजक बांधून आणायच्या. बाई एक तुकडा तोंडात टाकत म्हणायच्या, "छान आहे. पण एवढ्यानं रक्त वाढतं म्हणून कुणी सांगितलं? तपासून घ्या." समोरच्या घरातली नवी सून एकदा म्हणाली, "बाई, मला तसं कुछ नहीं, मतलब सीढी चढली की बस धाप लागते." बाईंचं बोट वर गेलं. त्या जरा जास्तच वेळ थांबल्या. मग तिला स्वतः रिक्षात घालून रक्त तपासायला घेऊन गेल्या. रिपोर्ट बघून तपासणाऱ्यानंच विचारलं, ही चालत आली का?

घरी मी हे सांगितलं की आमचे हे हसायचे. "अगं, इथल्या कुठल्याही बाईला रक्त कमी आहे म्हण, दहात आठदा बरोबर येईल."

ते खरंच होतं. म्हणून मीही हसायची. दौलतगंजातल्या त्या दुपारपर्यंत.

ब्लाउजचं कापड घ्यायला बाई आणि मी गेलो होतो. दुकानात बरीच गर्दी. बाई अस्तराचा रंग बघत होत्या आणि एकदम बोट वर. मी थांबले. बाईंनी हळूहळू मान वळवली आणि पलीकडे साड्या बघत बसलेल्या एका अनोळखी बाईजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाल्या, "बहनजी, छाती की जाँच करवा लीजिए. कोई गाँठ हो तो देर मत कीजिए."

ती बाई ताडकन उठली. "पागल है क्या?" दुकानदार हसला. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं. बाईंनी मात्र अस्तराचं कापड घेतलं, पिशवीत ठेवलं आणि दुकानाबाहेर पडल्या.

पुढच्या उन्हाळ्यात एका मंगळवारी तीच बाई दारात उभी राहिली. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, आत केस नव्हते. शोधत शोधत आली होती. सगळ्या उठून गेल्यावर तिनं विचारलं, "डॉक्टर बोले, समय पर आ गईं. आपको कैसे पता चला था?"

बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आपके बेटे की आवाज़ बड़ी मीठी है."

त्या बाईच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं. "वो तो उस दिन साथ था ही नहीं," ती म्हणाली.

बाई उठून सतरंज्या गोळा करायला लागल्या. मी मदतीला थांबले होते. पण विचारायचं धाडस झालं नाही.

मग माझी मुलगी झाली. आईचे गुडघे धरलेले, तिला अकोल्याहून निघणं जमेना, म्हणून बाळंतपण इथेच केलं. घरी आल्यावर काही दिवसांनी माझं डोकं दुखायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, जागरण आहे, होतंच. मलाही तेच वाटलं. पाय सुजलेले, तेही होतंच. त्या दुपारी मात्र डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मी पडदा ओढून पडून राहिले. बाळ शेजारी झोपलेलं.

दार लोटून बाई आत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. चप्पलही काढली नव्हती. खोलीच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी बोट वर केलं.

"कोण रडतंय?"

"कुणी नाही, बाई. बाळ झोपलंय."

"बाळ नाही. मोठी बाई रडतेय." त्या भिंतीकडे बघत होत्या. "चिमी कोण?"

मी उठून बसले. चिमी मला फक्त आई म्हणते. ग्वाल्हेरात ते नाव कुणाला, अगदी आमच्या ह्यांनाही, ठाऊक नव्हतं.

"चिमे, चिमे, असं म्हणून रडतेय," बाई म्हणाल्या. मग एकदम त्यांचा नेहमीचा शाळेतला आवाज आला. "डोकं दुखतंय? डोळ्यांसमोर चमकतंय? ऊठ. बाळंतपण झालं म्हणजे रक्ताचा दाब वाढायचा थांबतो, असं कुणी सांगितलं? ऊठ म्हणते ना!"

सासूबाई काही म्हणायच्या आत आम्ही रिक्षात होतो. दवाखान्यात दाब मोजला आणि डॉक्टरीणबाईंनी मला चालूसुद्धा दिलं नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर झटके आले असते, म्हणाल्या. मी बरी होऊन घरी आले तेव्हा बाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान कलती केली, थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "गेलं. आता येत नाही."

त्या दिवशी मी विचारलंच. बाईंनी सांगितलं, तेही पाककृती सांगावी तसं.

लग्नानंतरची गोष्ट. त्यांच्या धाकट्या जावेला मुलगा झाला होता. एका सकाळी बाईंना स्वयंपाकघरातून सासूचं रडणं ऐकू आलं. धावत गेल्या, तर सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या, अगदी मजेत. बाईंना वाटलं, भास झाला. जाऊ आत पडून होती. कपडा तासातासाला भिजत होता आणि घरातल्या सगळ्या म्हणत होत्या, बाळंतपणात रक्त जायचंच. दुसऱ्या दिवशी सासूबाई त्याच जागी बसून त्याच आवाजात रडल्या.

"तेव्हापासून येतं ऐकू," बाई म्हणाल्या. "जे अजून कुणी रडलेलं नाही, ते. सगळं नाही थांबवता येत. पुष्कळ थांबतं पण. पाणी, गोळी, तपासणी, झोप, असल्याच गोष्टींनी थांबतं. म्हणून तर मंगळवार."

मी कुणाला सांगितलं नाही. पण अशा गोष्टी गल्लीत मुरतातच. काही घरांनी बाईंना पाहून दार लावून घ्यायला सुरुवात केली. एकजण तर स्पष्ट म्हणाली, "बाई, मेरे घर की तरफ मत सुनना." बाई हसल्या, पण नंतर इंदरगंजच्या चौकापर्यंत माझ्याबरोबर चालताना रस्ता ओलांडायच्या वेळी त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "मी काही आणत नाही गं," म्हणाल्या. मला ठाऊक होतं. तरीही, खरं सांगते, त्यांचं बोट वर गेलं की मी आधी माझ्या मुलीकडे बघायची.

माझी मुलगी शाळेत जायला लागली त्या हिवाळ्यात, धुकं दुपारपर्यंत उतरत नव्हतं अशा एका दिवशी, बाई आमच्याकडे आल्या. चहा घेतला. मग म्हणाल्या, "तू रडतेस तेव्हा आवाज कसा होतो गं तुझा?"

मी हसले. "का हो?"

"माझ्या खोलीत रडणं येतंय. रोज. ओळखीचं वाटतं, आणि ओळखू येत नाही. माझ्याकडे रडायला आहे कोण?" त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. नवल होतं. जरासा आनंदसुद्धा.

मी कप खाली ठेवला. "बाई, तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही. जबडा दुखतो अधूनमधून. दम लागतो. पित्त असेल."

"पित्त?" मी ओरडलेच. "दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

त्या शाळेतल्या मुलीसारख्या मुकाट्यानं उठल्या. दवाखान्यात तपासण्या झाल्या. हृदयाचं दुखणं निघालं, बरंच पुढे गेलेलं. गोळ्या सुरू झाल्या. मी रोज सकाळी जाऊन समोर गोळी घ्यायला लावायची. समोरच्या घरातली सून यायची, दुकानातली ती बाई यायची, आता तिचे केस पुन्हा आले होते. ज्यांनी दारं लावून घेतली होती त्यांच्यातल्याही एक-दोघी डबा घेऊन यायला लागल्या. मी रोज विचारायची, "येतं अजून?" बाई म्हणायच्या, "कमी झालंय."

खोटं बोलत होत्या. एका सकाळी मी गेले तर दाराला कडी नव्हती. बाई कुशीवर झोपल्या होत्या, हात गालाखाली. अंगावरची रजाईसुद्धा विस्कटली नव्हती.

मी रडणार नाही, असं ठरवलं. वेडेपणाच, पण वाटलं, आपण रडलो नाही तर त्यांना जे ऐकू आलं ते खोटं ठरेल. मी कोपऱ्यात ओठ दाबून बसले. बायका येत गेल्या. सासूबाई आल्या, सून आली, रुमालवाली बाई मुलाला घेऊन आली. खोलीत जागा उरली नाही, तेव्हा बायका ओट्यावर बसल्या, मग गल्लीत. कुणीतरी पहिला हुंदका दिला आणि मग कुणाचाच धीर राहिला नाही, माझाही नाही.

आमचे हे बाहेर उभे होते. नंतर मला म्हणाले, "आतून आवाज येत होता तो कुणाचा, काही कळत नव्हतं."

मला कळलं होतं. आम्हा सगळ्या बायकांचे आवाज मिळून एकच लांब, अनोळखी आवाज झाला होता. त्यात मला माझासुद्धा सापडत नव्हता.