भुऱ्याच्या पिसवा आणि माझं कापराचं तेल

मैत्रिणींनो, आज दुपारी आमचा भुऱ्या गेला. रडून डोळे सुजलेत, तरी लिहिते आहे, कारण तुमच्याही घरी कुत्रं असेल.

पिसवांनी तो हैराण झाला होता. म्हटलं, घरात उपाय असताना विकतचं औषध कशाला? देवघरातला कापूर खोबरेल तेलात विरघळवला. मुलांच्या डोक्यात उवा झाल्या की आमच्याकडे हेच लावतात. सकाळी पूजा आटोपून त्याच्या अंगभर चोळलं.

थोड्या वेळात कातडी लालभडक झाली. तो सारखं अंग चाटू लागला. मग तोंडातून लाळ, थरथर आणि झटके. हे अंबडला कंपनीत होते. फोनवर ओरडले, "अगं, बघत काय बसलीस, रिक्षा कर!"

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या अंगाचा वास घेतला आणि म्हणाले, "ताई, कापूर कुत्र्यांना विषारी असतो. कातडीतून भिनतो, चाटला की पोटातही जातो. पिसवांचं औषध आम्हाला विचारून, वजन बघूनच लावायचं."

"पण डॉक्टर, शुद्ध भीमसेनी होता हो!"

"म्हणूनच जास्त बाधला, ताई."

मध्ये झटके थांबले. भुऱ्याने मला ओळखलं, शेपटी हलवली आणि माझा हात चाटायला मान पुढे केली. बोटांना अजून तेल होतं, म्हणून मी झटकन हात मागे घेतला. त्यानंतर त्याने डोळे उघडलेच नाहीत.

सांगा ना, मी त्याच्यावर रागावले असं तर त्याला वाटलं नसेल?