यादीतली तीन माणसं

नवा जिल्हा झाला की पाटी आधी लागते, खुर्च्या मागून येतात. किस्से मात्र कुणाची वाट बघत नाहीत. लातूरला बदली झाली तेव्हा वाटलं, फाइली साठतील. साठलं भलतंच!

*

आमचं ऑफिस एका जुन्या आडत दुकानात भरायचं. देवणीकडच्या एका शेतकऱ्यानं सवयीनं तुरीचं पोतं माझ्या टेबलाशी टेकवलं. "भाव काय निघाला?"

"मामा, आता इथं सरकार बसतं."

"मग माप तरी नीट करून राहिले का?"

*

गाव एकदम फुगलं आणि दुष्काळानं पाणी आटलं. घरमालक भाडं नंतर सांगायचे, आधी विचारायचे, "अंघोळी किती?" आमच्या हेडक्लार्कनी "आठवड्याला दोन" म्हणून खोली पटकावली. त्यांनी शब्द पाळला. त्यांच्या शेजारी कुणी बसेना.

*

समोरचे रहीमभाई शिंपी. माप घेता घेता विचारायचे, "फॅमिली कधी आणून राहिले साहेब?" आणि खोली शोधून द्यायचे. त्या वर्षी आमच्या निम्म्या ऑफिसला खोल्या मिळाल्या आणि निम्म्या ऑफिसच्या पँटी आखूड झाल्या.

*

फक्त कांबळेला खोली मिळेना. किनवटचा हा आमचा क्लार्क, बायको-मुलगी गावाकडं. रहीमभाईंनी त्याला नाना नावाच्या एका घरमालकाकडं नेलं. नानांनी गाव, बायको, मुलगी, सगळी चौकशी केली. आडनाव शेवटी विचारलं. "अरेरे, खोली कालच गेली बघा."

सगळीकडं हेच. आम्हाला लाज वाटायची. पण आपल्या खोलीत त्याला जागा द्यावी असं आमच्यापैकी कुणी म्हणालं नाही, मीही नाही.

*

पुढं टँकर वाटपाचं काम कांबळेकडं आलं. जितकी माणसं तितकं पाणी. नानांचा अर्ज मीच उघडला. भाडेकरू जास्त दिसावेत म्हणून त्यांनी नुसती चौकशी करून गेलेल्यांचीही नावं घातली होती. शेवटचं नाव कांबळे, किनवट. सोबत पत्नी व एक मुलगी.

मी अर्ज कांबळेपुढं सरकवला. त्यानं दोनदा वाचला, 'समक्ष पाहणी करावी' असा शेरा मारला आणि दोन दिवसांची रजा टाकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या दारात टांगा थांबला. आधी ट्रंक उतरली, मग बायको, मग मुलगी. नाना बाहेर आले. कांबळेनं अर्ज त्यांच्यापुढं धरला.

"पाहणीला आलो, नाना. तीन माणसं लिवली तुम्ही. तिघं बी हजर हाव."