रागवायला कोणी नाही

समोरचे सतारमास्तर इतके कडक, की त्यांच्या छपरावर कावळेसुद्धा सुरात ओरडत. त्यांच्या शिष्येनं, मुक्तानं, शिकवल्याबाहेरचा एक स्वर लावला, की "कुठून उचललंस गं हे?" ही गर्जना तीन गावांना ऐकू जाई.

मास्तर गेले. आज संध्याकाळी त्यांच्या रिकाम्या गादीसमोर वाजवताना मुक्ताच्या हातून एक तान अशी निघाली, की माझा चहा घशातच थांबला. तान मास्तरांची नव्हती. तिनं दचकून कान पकडले आणि गादीकडे बघत राहिली.

मी खिडकीतून ओरडलो, "थांबलीस का गं? झकास होतं!"

"झकास नको हो काका. जरा रागवा ना."

स्वतःचं काही सुचावं आणि अडवायला कोणी नसावं, हे केवढं एकटेपण! मी घसा खाकरला. गल्लीत मी नामांकित थापाड्या. पण तेवढं खोटं रागावणं काही जमेना.